आडनाव सांगा, मग खोली बघा

"कोनता गावना तुमी?"

"म्हसावदना."

"म्हसावद? शहादा तालुकाना? आरे वा, आपलाच मानूस निंघना. आडनाव काय?"

आडनाव सांगितलं. घरमालकानं उघडलेल्या खोलीला परत कुलूप लावलं. "खोली ते कालदिनच देवाई गयी भाऊ."

दोन मिनिटांपूर्वी हाच माणूस मला नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगत होता. भाडं साडेचार हजार, डिपॉझिट दहा हजार, लाइटबिल वेगळं, सगळं ठरलं होतं. आपल्या अहिराणी बोलीत ठरलं होतं. मी गावचा निघालो तेव्हा त्याला आनंद झाला, आडनाव निघालं तेव्हा खोली गेली.

मित्रांनो, ही जागा सुरत. लिंबायत. इथं अर्धा खानदेश राहतो. रस्त्यावर रात्री बारा वाजता पण जत्रा असते. भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकर, सगळं मिळतं. श्रावणात कानबाई वाजतगाजत निघते आणि चौदा एप्रिलला आपली मिरवणूक पण निघते. परप्रांतात येऊन माणसं आपलं गाव शोधतात. गावातली भाषा आणली, देव आणले, भाजी आणली. गावकूसही आणलं. ते फक्त दिसत नाही. खोली मागायला जा, मग दिसतं.

मी सातपुड्याच्या पायथ्याच्या म्हसावदचा. वय सत्तावीस. शाळा अर्धवट सुटली, बाकी जे शिकलो ते अशाच सायक्लोस्टाईल अंकांतून आणि जयंतीच्या भाषणांतून. आज सुरतेच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये स्टेंटरवर आहे. बारा तासांची पाळी. गरम वाफेत उभं राहायचं आणि साडीचं कापड सुकवायचं. आधी एका खोलीत आम्ही नऊ जण राहायचो, दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच गोधडीवर झोपायचे. तोपर्यंत कुणी जात विचारली नाही. घाम गाळणाऱ्या नऊ जणांची जात कोण विचारतो? पण बायको आणि चार वर्षांची पोर गावाहून आणायची ठरवली आणि प्रश्न सुरू झाले. एकट्या मजुराला गाळा मिळतो. घर करून राहू पाहणाऱ्या माणसाला आधी जात सांगावी लागते.

एका महिन्यात सात खोल्या बघितल्या. तीन ठिकाणी "देवाई गयी". दोन ठिकाणी "आमच्याकडं शाकाहारी पाहिजेत", आणि मालकाच्या ओट्यावर बोंबील वाळत होते. एका ठिकाणी दलालच म्हणाला, "तुमच्या लोकांच्या गल्लीत बघ ना." सातव्या ठिकाणी मी खोटं बोललो.

हो, बोललो. हे लिहायची लाज वाटते, पण हेच लिहायला बसलोय. मी कविता लिहितो. याच्यावर कविता होईना, म्हणून हे असं सरळ लिहितो.

आपल्याच एका कार्यकर्त्या मित्रानं सल्ला दिला होता. "आडनाव वेगळं सांग. आधार कार्ड नंतर देतो म्हण. बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेव. खोली मिळाल्याशी मतलब." मी तसंच केलं. खोली मिळाली. फोटो पेटीत गेला. बायको मंगळवारी-शनिवारी शेजारणींबरोबर देवळापर्यंत जाऊन यायला लागली. आणि मी, या हातांनी निळा झेंडा धरलेला माणूस, माझ्या चार वर्षांच्या पोरीला खोटं आडनाव पाठ करून दिलं. "कुणी विचारलं तर काय सांगायचं?" ती सांगायची. बरोबर सांगितलं की मी तिला बिस्किट द्यायचो.

तीन महिने चाललं. मग गावाहून आई आली. सकाळी नळावर मालकीण म्हणाली, राम राम मावशी. आईनं हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम बाई." आयुष्यभर तिनं दुसरं काही म्हटलेलं नाही. तिला सांगायला मी विसरलो होतो असं नाही. तिला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. आठ दिवसांत मालकाला त्याच्या पुतण्यासाठी खोली लागली. मी एका दिवसाचा खाडा केला, हातगाडीवर सामान टाकलं. पोरगी वाटेत विचारते, "पप्पा, आता नव्या घरात आपलं आडनाव कोणतं?"

दोस्तांनो, याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर मला सांगा.

ही गोष्ट मी सांगितली तेव्हा आपल्यातला एक शिकलेला म्हणाला, "त्यात काय एवढं? बाबासाहेबांनी पण बडोद्याला नाव लपवलं होतं." हे वाक्य मी आता चार ठिकाणी ऐकलंय. पळवाटेला बाबासाहेबांचा आधार शोधायची आपल्याला सवय लागलीय. म्हणून नीट बघू.

१९१७ चा सप्टेंबर. कोलंबियात शिकून, लंडनहून परत येऊन बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. शिष्यवृत्तीचा करार होता. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होतं. पारशी सराईत गेले. सराई फक्त पारशांसाठी, म्हणून बाबासाहेबांनीच मार्ग सुचवला, रखवालदार तयार झाला आणि वहीत पारशी नाव लिहिलं गेलं. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. आठ दिवसांची मुदत मागितली, ती दिली नाही. संध्याकाळच्या आत बाहेर हो. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता, दोघांनी घरात घेतलं नाही. कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. आज तिथं संकल्पभूमी म्हणून लोक २३ सप्टेंबरला जमतात. सुरतेहून गाडीनं दोन तास. मी जाऊन आलोय.

आता सांगा, यातून काय शिकायचं? नाव लपवलं की खोली टिकते हे? अकरा दिवस टिकली! माझी तीन महिने टिकली. आणि दुसरं, बाबासाहेबांनी ती गोष्ट पेटीत ठेवली नाही. पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतःच्या हातानं लिहून ठेवली, जगानं वाचावी म्हणून. युक्ती म्हणून नाही लिहिली, साक्ष म्हणून लिहिली. आणि तिसरं. हाच माणूस पुढं परळच्या चाळीतून उठला आणि दादरला, हिंदू कॉलनीत, स्वतःच्या नावानं राजगृह बांधून राहिला. बडोद्यापासून राजगृहापर्यंतचा रस्ता आपण वाचत नाही. आपल्याला बडोद्याची पहिली रात्र तेवढी सोयीची वाटते.

घरमालक म्हणतो, घर माझं, मर्जी माझी. आपली पोरं पण म्हणतात, खाजगी घर आहे, कायदा काय करणार? कायदा वाचा. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट आहे की अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही, कोणत्याही वस्तीत, राहण्याचं घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला आडकाठी केली तर तो गुन्हा. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि दंड. बारावं कलम त्याहून महत्त्वाचं. कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडलं असेल, तर ते अस्पृश्यतेपोटीच केलं असं कोर्टानं धरून चालायचं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं. सत्तर वर्षं झाली या कायद्याला. आपल्यापैकी किती जणांनी खोलीसाठी तो वापरला? मी नाही वापरला. मी आडनाव बदललं.

घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी आहेत, भाड्याच्या खोलीचं नाव नाही, हे खरं. पण १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत 'दुकान' शब्दावर प्रश्न आला तेव्हा बाबासाहेबांनी तो शब्द व्यापक अर्थानं घेतला आहे असं सांगितलं. पैसे घेऊन सेवा देऊ करणारा जो कुणी, तो त्यात आला. मग माझा सरळ सवाल. जो माणूस एकावर एक मजले चढवतो, दहा खोल्या काढतो, दारावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी लावतो, तो दुकानदार नाही तर कोण? तो स्वतःच्या चुलीजवळ मला बसवत नाहीये, तो खोली विकतोय. माझ्या हाताखालून गेलेली साडी त्याची बायको नेसते. तिचा विटाळ होत नाही. तिचे पैसे मिळवणारा माणूस जिन्यावरून चढला की होतो.

गिरणीत हे जुनंच आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. पगार त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा पुढाऱ्यांना तो आवडला नाही, कारण म्हणे कामगारांची एकी फुटते. आज खोलीचा सवाल काढला की तेच उत्तर. "आपण सगळे खानदेशी, फूट पाडू नको." फूट मी पाडली का? कुलूप कुणी लावलं?

हे फक्त लिंबायतचं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत उच्चवर्णीय, दलित आणि मुसलमान अशा नावांनी भाड्याच्या घरांची चौकशी केली. अभ्यास २०१५ ला छापून आला. उच्चवर्णीय नावाला जवळजवळ नकारच नाही. दलित नावाला नकार किंवा जादा अटी. मुसलमान नावाला त्याहून जास्त नकार. आणि २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की सहकारी सोसायटी आपलं सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवू शकते. १९१७ ला सराई, २००५ ला सोसायटी. काठीच्या जागी पोटनियम आला.

महाराष्ट्र सरकारनं २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं केलं. पण नुसती पाटी बदलून गावात कुणाला गल्ली बदलून मिळत नाही.

आता आपल्या घरात बघू, कारण शिव्या फक्त बाहेर देऊन चालणार नाही. आपल्यातले काही जण आता घरमालक झालेत. कष्टानं झालेत, अभिमान आहे. अशाच एका आपल्या माणसाकडं मी धडगावकडच्या एका पावरा पोराला घेऊन गेलो. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो. मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुला देतो, त्याला नको. हे लोक पितात." म्हसावदच्या शिवारात सालदारी करणाऱ्या भिलाबद्दल जमीनवाला जे बोलतो, तेच शब्द. मी त्याची खोली घेतली नाही. १९७२ ला शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली तेव्हा आदिवासी बाया दारूचे गुत्ते फोडत फिरल्या. हा इतिहास आपल्या मालकाला माहीत नाही. भाडं किती वाढवायचं ते माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं चार गोष्टींत सांगतो.

आडनाव लपवायचा सल्ला कुणी कार्यकर्त्यानं यापुढं देऊ नये. ज्याच्या लेकराला रस्त्यावर झोपायची पाळी आलीय त्यानं लपवलं तर मी त्याला बोट दाखवणार नाही, ते बोट आधी माझ्याकडंच येईल. पण संघटनेनं हा मार्ग म्हणून शिकवू नये.

जयंती मंडळानं एक वही घालावी. खोली कुठं नाकारली, तारीख, काय शब्द वापरले, बरोबर कोण होतं. एकट्यानं जाऊ नका, साक्षीदार घेऊन जा. वही भरली की पोलिसात जा, कलम सांगून तक्रार द्या. डीजेच्या वर्गणीतला चौथा हिस्सा वकिलाला ठेवा.

आपल्या ज्याच्याकडं भाड्याची खोली आहे त्यानं जात विचारायची नाही. भिल्ल असो, पावरा असो, मुसलमान असो. विचारली तर त्यानं जयंतीला स्टेजवर बसू नये.

आणि फोटो पेटीतून बाहेर काढा.

मी आता आपल्या वस्तीच्या टोकाला एका पत्र्याच्या खोलीत राहतो. उन्हाळ्यात स्टेंटरसारखीच तापते. फोटो भिंतीवर आहे. पोरीला खरं आडनाव पाठ झालंय, या वेळी बिस्किट लागलं नाही. पण हा विजय नाही. आपल्याच गल्लीत परत आलो, एवढंच झालं. मला त्या रस्त्यावरची, पहिल्या मजल्यावरची, खिडकी असलेली खोली पाहिजे. माझ्या आडनावासकट पाहिजे. पुढच्या रविवारी सुट्टी आहे. दोघे साक्षीदार तयार आहेत. वहीचं पहिलं पान कोरं आहे.

माझं आडनाव अंकाच्या अनुक्रमणिकेत छापलंय. घरमालकांनी पण वाचावं.

जय भीम.