लहान मोटार आणि जादा बळ

गेल्या वर्षी आमच्या नातवाने पेढीवर येऊन एक विलक्षण मागणी केली. त्याची बाराशे सी.सी.ची लहान मोटार जेमतेम दोन वर्षांची. बेळगावाहून गोव्यास जाताना चोर्ला घाटात चार माणसे व सामान असले की ती दमते. सबब तिला बाहेरून टर्बोचार्जर बसवावा व त्याचा खर्च आम्ही द्यावा, असे त्याचे म्हणणे. यंत्रविद्या आम्हांस अवगत नाही. तथापि नमुना हाती घेतल्यावाचून सौदा करावयाचा नाही, हा धान्याच्या धंद्यातील पहिला धडा. म्हणून नकार देण्यापूर्वी आम्ही त्याच्यासह दोन-तीन गॅरेजांत जाऊन चौकशी केली. तीतून बनलेले मत समाजातील तरुणांच्या व वडीलधाऱ्यांच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

टर्बोचार्जर ही मुळात बुद्धिमत्तेची वस्तू आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट मिळविले. इंजिनातून जो तप्त धूर वाया जातो, त्याच्या जोरावर एक लहानसे चक्र मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेते. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. एक भाग पेट्रोल नीट जळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा अधिक मिळाली की पेट्रोलही अधिक जाळता येते आणि त्याच इंजिनातून अधिक बळ निघते. वाया जाणाऱ्या वस्तूतून काम काढून घेणारी ही युक्ती व्यापारी मनास पटावी अशीच आहे.

“मग कारखानेच टर्बो बसविलेल्या लहान गाड्या विकतात, आजोबा, आम्ही बसविला तर बिघडले कोठे?” असा नातवाचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर एका वृद्ध मिस्त्रीने दिले. साध्या पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण आधीच दहा ते बारा पट दाबले जाते. त्यावर आणखी हवा कोंबली की दाब व उष्णता इतकी वाढते की मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेट घेतो. यास ‘नॉकिंग’ म्हणतात. याने पिस्टन तडकतो, प्रसंगी वितळतोही. कारखाना टर्बोची गाडी काढतो तेव्हा दाबाचे प्रमाण, पिस्टन, तेलाचा मार्ग, क्लच व ब्रेक या सर्वांचा मेळ आधी घालतो. आपण बाहेरून बसवितो तेव्हा हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर व संगणकातील इंधनाचा नवा हिशोब, हे सारे नवशिक्याने जुळवावयाचे. आणि एक चूक झाली तरी सारे इंजिन जावयाचे. पन्नास किलोच्या पोत्यात पंच्याहत्तर किलो कोंबले तर ते गोदामात कदाचित फाटणार नाही, हमालाच्या पाठीवर मात्र हमखास फाटेल.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. शिवाय हमी बुडते, आणि न कळविलेल्या बदलापायी विम्याचा दावा नाकारला जाण्याचे भय राहते. चोपडीत न दाखविलेला व्यवहार कितीही फायद्याचा असला तरी आपण तो करीत नाही. मग रस्त्यावर का करावा?

आपल्या शास्त्रकारांनी अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’, म्हणजे बैलावर शक्तीबाहेर ओझे लादणे, हा दोष सांगितला आहे. इंजिनास जीव नाही, हे खरे. परंतु गाडीत बसणाऱ्यांस आणि समोरून येणाऱ्यांस तो आहे. वेग वाढवून ब्रेक व टायर जुनेच ठेवणाराचा भार अखेर त्यांच्यावरच पडतो.

तरुणांच्या हौसेस आमचा विरोध नाही. ज्यास ही विद्या शिकावयाची आहे त्याने जुने इंजिन घेऊन, जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली, ते खोलून शिकावे. ज्यास बळच हवे आहे त्याने आपली गाडी विकून कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेली घ्यावी. तिचे तेल वेळेवर बदलावे, आणि घाट चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल करपत नाही. वडीलधाऱ्यांस विनंती इतकीच की, नुसते ‘नको’ म्हणू नये. मुलाबरोबर गॅरेजात जावे. आमचे ‘नको’ आधी आले असते तर नातवाने ते काम आमच्या पाठीमागे केले असते, असे त्याने स्वतःच सांगितले.

टर्बोचे पैसे आम्ही दिले नाहीत. चार नवे टायर मात्र घेऊन दिले. त्याचे पूर्ण समाधान झाले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. चोर्ल्याचा चढ आला की तो दुसरा गिअर घालतो आणि आमच्याकडे पाहतो. आम्हांस घाई नसते.