शोधन पोथीत नको, बाटलीत हवे

अंबडसारख्या तालुक्याच्या गावी दुकानातून काढ्याची वा अर्काची बाटली घेणारा शिक्षक किंवा कारकून एका विश्वासावर ती घेत असतो : औषध झाडपाल्याचे, तेव्हा अपाय नाही. आयुर्वेदाच्या आचार्यांना हा भाबडा विश्वास मान्य नव्हता. बचनाग, कुचला, बिब्बा ही द्रव्ये विषारी आहेत हे जाणूनच त्यांनी शोधनाचे संस्कार सांगितले. बचनाग शिजवला असता त्यातील तीव्र विषाचे विघटन होऊन ते सौम्य होते, याला आजचे रसायनशास्त्रही दुजोरा देते.

परंतु आजची अशुद्धी निराळी आहे. शेतातील कीटकनाशके, दमट गोदामातील बुरशीचे विष, मातीपाण्यातून आलेले शिसे आणि आर्सेनिक यांवर पोथीतील संस्कार पुरा पडणार नाही. अर्क आटवताना पाणी उडून जाते, शिसे जात नाही. अर्क जितका दाट, तितके त्याचे प्रमाण अधिक.

जुने औषध नव्या कसोटीवर घासल्याने त्याची प्रतिष्ठा जाते काय? चीनचा अनुभव उलट आहे. थू यूयू यांनी १९७१ मध्ये हिवतापावरील एका पारंपरिक वनस्पतीचा अर्क कमी उष्णतेवर इथरमध्ये काढला, त्यातील विषारी आम्लधर्मी भाग वेगळा केला आणि उरलेला भाग गुणकारी ठरला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले व २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान लाभला.

आपल्याकडे जाग आली ती बाहेरून. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली. १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर केंद्र सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली. शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग, पाऱ्याची १ भाग.

परदेशी ग्राहकाला जी हमी, ती अंबडच्या रुग्णालाही मिळावी, एवढीच मागणी आहे. प्रत्येक बॅचच्या तपासणीचा निष्कर्ष बाटलीवर छापावा. शंका आल्यास सामान्य माणसालाही अल्प शुल्कात औषध तपासून घेता यावे, अशी सोय मराठवाड्यातच असावी. छोट्या रसशाळांना हा खर्च जड जाईल हे खरे. तेथे शासनाने हातभार लावावा. शोधन ही आयुर्वेदाचीच शिकवण आहे. ती मोजून, तपासून पाळणे हाच त्या शास्त्राचा खरा आदर होय.