नखरे नव्हेत, हिशोब!

मागच्या मे महिन्यात मी एका वेब सिरीजच्या शूटला असिस्टंट होतो. असिस्टंट म्हणजे नेमका कशाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. चहा सांगायचा, जनरेटरवाल्याला फोन करायचा, कलाकारांना मेकअप रूममधून सेटवर आणायचं, वळवाचा पाऊस आला की सामानावर ताडपत्री टाकायची. सव्वीस दिवस हेच. पैसे? ‘अरे, शिकायला मिळतंय ना!’ जेवण मिळत होतं, टायटल्समध्ये नाव येईल असं सांगितलं होतं. मला तेवढं पुरेसं वाटत होतं.

कॉस्च्युमला माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिचं काम पंधरा दिवसांचं ठरलं होतं, ते वाढून पंचवीसवर गेलं. एका सकाळी ती प्रॉडक्शनच्या माणसासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘वाढलेल्या दिवसांचं काय ते आधी सांगा, मग मी इस्त्रीला हात लावते.’ दोन तास शूट खोळंबलं. आणि आम्ही सगळे काय म्हणालो? ‘काय ॲटिट्यूड आहे!’ ‘स्वतःला हिरोइन समजते.’ व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव ‘मॅडम’ पडलं. त्यावर हसणाऱ्यांत मीही होतो.

हे सगळं परत आठवलं ते एका खऱ्याखुऱ्या हिरोइनमुळे.

कॉलेजच्या फिल्म क्लबनं ‘कुंकू’ दाखवायचं ठरवलं. 1937 चा, ब्लॅक अँड व्हाइट, ‘प्रभात’चा पिक्चर. मी दाराजवळची खुर्ची धरली होती, पळून जायला सोपी म्हणून. पण गेलो नाही.

गोष्ट साधी आहे. नीरा नावाच्या तरुण मुलीला तिचा मामा फसवून एका म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधतो. त्या काळात अशी लग्नं घरोघरी होत होती आणि मुली नशिबाला दोष देऊन संसार करत होत्या. नीरा मात्र या माणसाला नवरा मानायलाच नकार देते. रडत कोपऱ्यात बसत नाही, घर सोडून पळतही नाही. त्याच घरात राहून ‘हे मला मान्य नाही’ असं रोज सांगत राहते. म्हाताऱ्याचा मोठा मुलगा, म्हणजे नात्यानं तिचा सावत्र मुलगा, अंगचटीला येतो तेव्हा त्याला छडीनं फोडून काढते. एका प्रसंगात ही मुलगी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, तेव्हा आमच्या हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. पिक्चरला वेगळं पार्श्वसंगीत नाही, घरातलेच आवाज आहेत. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तर डोक्यात बसते. ‘कन्सेंट’ हा शब्द आपल्या चर्चांमध्ये यायच्या कितीतरी आधी एका मराठी पिक्चरनं हा विषय लग्नाच्या आत नेऊन ठेवला होता.

नीराचं काम करणाऱ्या शांता आपटे. (‘कशाला उद्याची बात’वाल्या शांता हुबळीकर वेगळ्या. माझाही आधी हाच गोंधळ झाला होता.) शांताबाईंचा जन्म 1916 चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. 1932 मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मधून त्या पडद्यावर आल्या. 1934 मध्ये ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’नं त्यांचं नाव देशभर नेलं. मग 1936 चा ‘अमरज्योती’ आणि त्यानंतर ‘कुंकू’. तेव्हा पिक्चरमध्ये नट-नट्या सहसा स्वतःच गायचे, आणि गाताना बहुतेक जण फोटोला उभं राहिल्यासारखे उभे राहायचे. शांताबाईंचे हात, डोळे, मान सगळं गाण्याबरोबर बोलायचं. आज यूट्यूबवर बघितलं तरी हे जाणवतं.

‘कुंकू’ हिंदीतही निघाला, ‘दुनिया न माने’ या नावानं. तो व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. ‘कुंकू’ करताना शांताबाई विशीच्या आसपास होत्या, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलींएवढ्या.

इथपर्यंतची गोष्ट क्लबच्या सरांनी सांगितली. पुढची ऐकल्यावर मात्र मला ती कॉस्च्युमवाली मुलगी आठवली.

1939 च्या जुलै महिन्यात हीच नीरा पुण्यात ‘प्रभात’ स्टुडिओच्या गेटवर उपोषणाला बसली. वाद होता कराराचा आणि पगाराचा. ज्या कंपनीची ती सगळ्यात गाजलेली नायिका होती, त्याच कंपनीच्या दारात. आज तिथे एफटीआयआय आहे. लॉ कॉलेज रोडवरून जाता-येता आपण ते गेट शेकडो वेळा बघितलेलं असतं.

त्या वर्षी उपोषण हा शब्द लोकांच्या तोंडी होताच. मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. पण ते हत्यार देशासाठी, समाजासाठी. एका नटीनं ते स्वतःच्या कामाच्या पैशांसाठी वापरावं? बातम्या झाल्या, चर्चा झाली. उपोषण फार दिवस चाललं नाही. पण 1938 च्या ‘गोपाळकृष्ण’नंतर शांताबाई ‘प्रभात’च्या एकाही पिक्चरमध्ये दिसल्या नाहीत.

आता ‘प्रभात’ला व्हिलन ठरवायचं आणि मोकळं व्हायचं, हे सोपं आहे. मला तसं करायचं नाही. ‘संत तुकाराम’ ज्यांनी केला, ‘कुंकू’ काढायची हिंमत ज्यांनी दाखवली, ती ही कंपनी. तिथे शिस्त होती, कलाकारांना महिन्याचा पगार होता. आजच्या कितीतरी प्रॉडक्शन हाऊसना ते जमत नाही. आणि म्हणूनच ही गोष्ट मला जास्त टोचते. पडद्यावर मुलीच्या ‘नाही’चा मान ठेवणारी माणसंसुद्धा, ती मुलगी करार घेऊन ऑफिसात आली की वेगळी वागू शकतात. चांगलं काम करणारी संस्था आपल्याशी चांगलंच वागेल, असं आपण धरून चालतो. एनजीओत, नाटकाच्या ग्रुपमध्ये, स्टार्टअपमध्ये ‘आपण सगळे फॅमिली आहोत’ असं ऐकलं की हिशोब विचारायची आपल्यालाच लाज वाटते.

शांताबाईंबद्दल दुसराही एक किस्सा आहे. त्यांच्याबद्दल वाईटसाईट लिहिणाऱ्या एका सिनेमासिकाच्या संपादकाला त्यांनी त्याच्याच ऑफिसात जाऊन छडीनं चोपलं, असं सांगतात. आमच्या ग्रुपवर हा किस्सा टाकला तर दहा मिनिटांत तीस हार्ट आले. ‘क्वीन!’, ‘काय बाई होती!’ उपोषणाची गोष्ट टाकली तर दोन. तीही उशिरा.

माझं म्हणणं नेमकं इथे आहे. बंडखोर नायिका आपल्याला आवडते. तिचा फोटो स्टोरीला लावता येतो. पण ‘ठरल्याप्रमाणे माझे पैसे द्या’ म्हणणारी बाई कंटाळवाणी वाटते, नाही तर नखरेल. छडी मारली की ती वाघीण, आणि पगार मागितला की नखरे. खरं तर दुसरं काम जास्त अवघड आहे. छडी रागात मारता येते. उपाशी गेटवर बसायचं, येणारे-जाणारे बघतायत, उद्या इथेच काम मिळेल की नाही माहीत नाही, आणि तरी उठायचं नाही, याला राग पुरत नाही. आपलं म्हणणं बरोबर आहे याची खात्री लागते.

ती खात्री त्यांच्याकडे होती. 1940 मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं. सिनेमात जावं का, हा प्रश्न तेव्हाही तरुण मुला-मुलींना पडत होता. आज एखाद्या स्टारनं यावर पुस्तक काढलं तर त्यात ‘स्वप्नांचा पाठलाग करा’ असंच काही असेल. शांताबाईंनी अभिनयाकडे काम म्हणून बघितलं. अंगमेहनतीचं, शरीराला थकवणारं काम, ज्याचा फायदा कोणाला आणि झीज कोणाची, हे विचारलंच पाहिजे असं काम. चोविशीच्या आसपासची, प्रसिद्धीच्या शिखरावरची नटी हे मराठीत लिहीत होती. हे पुस्तक आमच्यापैकी एकानंही ऐकलेलं नव्हतं, आणि आम्ही मास मीडियाचे विद्यार्थी.

पुढे काय झालं? त्या संपल्या नाहीत. 1941 मध्ये ‘सावित्री’ या तमीळ पिक्चरसाठी त्या तमीळ शिकल्या. त्यात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी! लाहोरच्या ‘जमीनदार’मध्ये त्यांनी काम केलं, मुंबईत हिंदी पिक्चर केले, पुन्हा मराठीतही आल्या. पण दुसरा ‘कुंकू’ त्यांच्या वाट्याला आला नाही. 24 फेब्रुवारी 1964 ला, पन्नाशीही न गाठता, त्या गेल्या. उपोषण केलं नसतं तर जास्त मोठ्या झाल्या असत्या का, हा प्रश्न मला क्लबमध्ये एकानं विचारला. प्रश्नातच गडबड आहे. काम करणाऱ्या माणसानं हक्काचे पैसे मागितल्यावर त्याचं करिअर बिघडत असेल, तर ‘तू कशाला मागितलेस?’ असं त्याला विचारायचं, की बिघडवणाऱ्याला काही विचारायचं?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. एक मैत्रीण म्हणाली, ‘त्यांना परवडलं, कारण त्या स्टार होत्या. गेटवर बसल्या तर पेपरात आलं. आपण बसलो तर वॉचमन उठवेल.’ बरोबर आहे. पहिल्या इंटर्नशिपला उपोषण करा असं मी कोणालाही सांगणार नाही. घरचं भाडं, फीचा हप्ता, पुढच्या कामासाठी लागणारी ओळख, हे सगळं खरं असतं. पण शांताबाईंच्या गोष्टीत मला आणखी एक गोष्ट दिसते. त्या गेटवर एकट्या होत्या. एवढा मोठा स्टुडिओ, आत एवढी माणसं कामाला, आणि उपोषणाला एकटी बाई. एकट्यानं विचारलं की त्याला नखरे म्हणता येतं. दहा जणांनी विचारलं असतं तर? त्याच आवारात 2015 मध्ये एफटीआयआयच्या विद्यार्थ्यांनी वेगळ्या मागणीसाठी 139 दिवस संप केला. त्यांचं पटो न पटो, कोणी ‘हे एकीचे नखरे आहेत’ असं म्हणू शकलं नाही.

आमच्या सेटवर त्या दिवशी आम्ही सात-आठ पोरं होतो. सगळ्यांचे दिवस वाढले होते. तिच्या बाजूला नुसतं जाऊन उभं राहायला काही लागत नव्हतं. बोलायचीही गरज नव्हती. आम्ही तेवढंही केलं नाही. उलट तिला ‘मॅडम’ करून टाकलं आणि प्रॉडक्शनवाल्याचं काम सोपं केलं. पैसे न मिळाल्याचा राग मला नंतर आला. त्या हसण्याची लाज त्याहूनही नंतर आली, ‘कुंकू’ बघून घरी जाताना.

म्हणून आता मी दोन गोष्टी ठरवल्यात. काम कितीही भारी असो, जाण्याआधी किती दिवस, किती तास, पैसे किती आणि कधी, दिवस वाढले तर काय, हे लेखी विचारायचं. ईमेल नाही तर साधा मेसेज, पण लेखी. पैसे मिळणार नसतील तर तेही स्पष्ट लिहून घ्यायचं आणि मग ठरवायचं. दुसरी गोष्ट, माझ्या शेजारचं कोणी हे विचारत असेल तर हसायचं नाही. जमलं तर ‘मलाही तेच विचारायचंय’ एवढं म्हणायचं. तुम्हीही एकदा म्हणून बघा. आवाज थोडा कापतो, पण म्हणता येतं.

परवा मी त्या मुलीला मेसेज केला. सॉरी म्हणालो, ‘कुंकू’ची लिंक पाठवली. तिचं उत्तर आलं, ‘बघते. मला वाढलेल्या दिवसांचे अर्धे मिळाले. तुला?’

मी तर मागितलेच नव्हते.