कांदेवाल्यांना द्राक्षांचे धडे देऊ नका

नाशिककडे शेतीवरची परिषद भरली की व्यासपीठावरून एक सल्ला हमखास मिळतो : कांदा उत्पादकांनी द्राक्ष बागायतदारांचा आदर्श घ्यावा. द्राक्षवाल्यांनी युरोपची बाजारपेठ मिळवली, कांदेवाले मात्र रास्ता रोको करत राहिले, असा त्याचा रोख. बाहेरची परिस्थिती सगळ्यांनाच असते, खरा उद्योजक तिच्यातून वाट काढतो आणि उरलेले सरकारच्या नावाने बोटे मोडतात, हा त्यामागचा सिद्धान्त. मला तो साफ चुकीचा वाटतो. ज्यांना तो ऐकवला जातो त्यांच्यावर तो अन्यायही करतो.

मुळात ही दोन वेगळी माणसे नाहीत. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत एकाच सातबाऱ्यावर द्राक्षबाग आणि कांदा दोन्ही सापडतात. सकाळी फवारणीच्या वहीत औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि काढणीआधी किती दिवस थांबायचे हे नेमके लिहून ठेवणारा शेतकरीच दुपारी कांद्याच्या चाळीत उभा राहतो आणि आज विकावा की आठ दिवस थांबावे, या घोरात पडतो. जिद्द तीच, डोके तेच, बंदरही तेच. मग एका पिकात तो पाच वर्षांचा विचार करतो आणि दुसऱ्यात पुढच्या सोमवारच्या लिलावापलीकडे बघत नाही, हे कशामुळे?

द्राक्षांवरचे बाहेरचे दडपण काही सौम्य नव्हते. 2010च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढरोधकाचे अंश सापडले. कंटेनर अडले, माल नाकारला गेला, निर्यातदार आणि बागायतदार कर्जात गेले. युरोपची मर्यादा आधीच ठरलेली होती. आपल्या तपासणीच्या यादीत मात्र ते रसायन नव्हते. त्यानंतर यादी वाढली, काढणीपूर्व नमुन्यांची तपासणी कडक झाली, आणि अपेडा या केंद्राच्या निर्यात-विकास संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंद, नमुना, पॅकहाउस आणि कंटेनर यांची साखळी आणखी घट्ट बसली. पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कोणते औषध चालेल आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचे, ते सांगते. नियम कडक होता, पण लिहिलेला होता. छाटणीच्या दिवशी जो होता, तोच काढणीच्या दिवशी राहील अशी खात्री होती. म्हणून लोकांनी शीतगृहांत, प्रीकूलिंगमध्ये, नव्या वाणांत पैसा घातला.

आता कांदा. सप्टेंबर 2019मध्ये निर्यातबंदी. ती 2020च्या मार्चमध्ये उठली आणि 14 सप्टेंबरला पुन्हा आली. 2023च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरचे किमान निर्यातमूल्य, डिसेंबरात थेट बंदी. 2024च्या मेमध्ये बंदी उठली, तीही 550 डॉलरच्या किमान मूल्याची आणि 40 टक्के शुल्काची अट घालून. सप्टेंबरात मूल्याची अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आले. ते 1 एप्रिल 2025पासून गेले. अशा अवस्थेत ब्रँड कोणी उभारायचा? मलेशियातल्या आयातदाराला वर्षभराचा करार कोणत्या तोंडाने द्यायचा? आपण दार लावले की तो दुसऱ्या देशाकडून माल घेतो, आणि दार उघडल्यावर परत येईलच असे नाही. लाल कांदा तर टिकतही नाही. महिनाभर थांबणेही त्याच्या बाबतीत जड जाते. येथे गुंतवणूक करणारा शहाणा ठरत नाही, आजचा भाव साधणारा ठरतो. शेतकरी नेमके तेच करतो, आणि वरून त्याला दूरदृष्टी नाही असे ऐकवले जाते!

हे फक्त शेतकऱ्याचे रडगाणे आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने साखर कारखान्यांकडे पाहावे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे 2030चे उद्दिष्ट केंद्र सरकारनेच 2025वर आणले. व्याजसवलतीची कर्जे दिली. कारखान्यांनी आसवन्या उभारल्या, वाढवल्या. आणि 7 डिसेंबर 2023ला, ज्या तारखेला कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली त्याच तारखेला, उसाचा रस आणि पाक इथेनॉलकडे वळवू नका असा आदेश आला. गाळप ऐन भरात होते. आठवड्याभरात तो सैल करून 17 लाख टन साखरेची मर्यादा घातली गेली, पण तोवर गाळपाचे नियोजन कोलमडले होते. सहकारातले अनुभवी लोकही इथे सुटले नाहीत. त्यांना कोणता आदर्श सांगणार?

उलट वाहन उद्योग बघा. वाहनांच्या धुराच्या मानकांत बीएस-5 ओलांडून थेट बीएस-6वर जायचे, हे सरकारने 2016च्या आरंभी जाहीर केले आणि मुदत दिली 1 एप्रिल 2020ची. इंजिने, इंधन, सुटे भाग सगळे बदलायचे होते. खर्च मोठा, तक्रारीही झाल्या. पण तारीख हलली नाही, आणि चाकण-पिंपरीतल्या सुट्या भागांच्या लहान कारखानदारालाही नवी यंत्रे कधी घ्यायची हे ठरवता आले.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. शहरातल्या गरिबाच्या ताटातला कांदा महागला तर सरकारने हातावर हात धरून बसायचे का? मुळीच नाही. हस्तक्षेप हवाच. ज्या घरात रोजची भाजी मोजून घेतली जाते, तिथे कांद्याचा भाव ही लहान गोष्ट नाही. माझा विरोध लहरीला आहे. भाव अमुक पातळीवर इतके आठवडे राहिला तर शुल्क इतके लागेल, उतरला की आपोआप जाईल, आणि बंदराकडे निघालेल्या मालाला ते लागू होणार नाही, एवढे आधी लिहून ठेवता येते.

हे अव्यवहार्य आहे असे दिल्लीने तरी म्हणू नये. जीवनावश्यक वस्तू कायद्यातील 2020च्या दुरुस्तीत फळे-भाजीपाल्याच्या साठ्यावर मर्यादा घालण्यासाठी किरकोळ भावात 100 टक्के वाढीची अट सरकारनेच घातली होती. ते विधेयक लोकसभेत 15 सप्टेंबरला मंजूर झाले, आणि कांद्याची निर्यातबंदी आली ती आदल्याच दिवशी. पुढे तीन कृषी कायदे मागे घेतले गेले तेव्हा ही तरतूदही गेली. त्या कायद्यांवर मतभेद असोत, पण हस्तक्षेप कधी होईल हे आकड्यात लिहिण्याची ही पद्धत निर्यातीच्या धोरणात आणायला कोणाची हरकत असावी?

उन्हाळ कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकले जाते, लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. निर्यातीचा नियम बियाणे विकत घेण्याआधी जाहीर व्हावा आणि चाळीतला शेवटचा कांदा विकला जाईपर्यंत तो बदलू नये. एवढे दोन हंगाम करून दाखवा, मग कांदेवाल्यांच्या उद्योजकतेवर बोलू.