क्षिप्रेत पाणी कुणाचं?

गोव्यातून देवासला जाणारा माणूस बहुधा एकाच कारणासाठी जातो. कुमार गंधर्व. क्षयाने आजारी असलेले कुमार १९४८ साली माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून तिथे गेले आणि १२ जानेवारी १९९२ ला जाईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. आम्हीही त्याच वारीला गेलो होतो. टेकडीवर देवीचं दर्शन घेतलं, खाली 'भानुकुल'पाशी थोडा वेळ नुसते उभे राहिलो आणि परत इंदूरच्या रस्त्याला लागलो. वाटेत क्षिप्रेचा पूल लागतो. गाडीत कुणीतरी विचारलं, "हीच ना मेघदूतातली शिप्रा?" आमच्यापैकी कुणी उत्तर द्यायच्या आत ड्रायव्हर म्हणाला, "नदी तो वही है साहब, पानी नर्मदाजी का है."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नर्मदा-क्षिप्रा जोड योजना फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. ओंकारेश्वर धरणातलं पाणी पंपांनी जवळजवळ साडेतीनशे मीटर वर चढवून उज्जैनी नावाच्या खेड्यापाशी, क्षिप्रेच्या उगमाला सोडतात. २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी क्षिप्रेत डुबकी मारली, पण अंगाला लागलं ते बरंचसं नर्मदेचं पाणी. श्रद्धेच्या दृष्टीने यात बिघडलं काहीच नाही, उलट एका तिकिटात दोन तीर्थं! पण याला नदी साफ करणं म्हणता येणार नाही. हुमण खारट झालं म्हणून पाणी वाढवलं तर जिभेला बरं लागतं, मीठ काही कुठे जात नाही. आणि पाणी वाढवायला कुणी विसरलं तर? ५ जानेवारी २०१९ ला, शनिश्चरी अमावस्येला, तेच झालं. उज्जैनच्या त्रिवेणी घाटावर नर्मदेचं पाणी वेळेवर पोचलं नाही आणि लोकांना चिखलात स्नान करावं लागलं. मग कलेक्टर आणि विभागीय आयुक्त यांच्या बदल्या झाल्या. बदली करणं सोपं असतं.

देवासचं पाण्याशी नातं मुळातच चमत्कारिक. पवार घराण्यातल्या दोन भावांनी अठराव्या शतकात हे संस्थान वाटून घेतलं, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, रस्त्याची एक बाजू याची तर दुसरी त्याची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या त्याच्या पुस्तकात या दुहेरी संसाराची वर्णनं आहेत, अगदी पाणीपुरवठासुद्धा वेगवेगळा! नळ दोघांचे वेगळे असतील, पण सांडपाण्याला पाती कळत नाही. ते दोघांचंही एकाच उताराने जात असणार.

पुढे राज्यं गेली, कारखाने आले, वस्ती वाढली, कूपनलिका खोल खोल गेल्या. १९९० साली तर देवासला इंदूरहून आगगाडीने पाणी आणावं लागलं. मग नेमावरजवळून, शंभराहून अधिक किलोमीटर नळ टाकून, कारखान्यांसाठी नर्मदेचं पाणी आणलं गेलं. या सगळ्या इतिहासात एक गोष्ट मला राहून राहून खटकते. पाणी *आणायच्या* योजना एकामागून एक निघाल्या. वापरून झालेलं पाणी *जातं कुठे*, हा प्रश्न मात्र कायम शेवटच्या पानावर.

साधा हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत देवास शहराची लोकसंख्या दोन लाख नव्वद हजारांच्या घरात होती. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के मोरी-संडासातून बाहेर पडतं असं अभियंते मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. गुणाकार केला तर रोज तीन कोटी लिटरहून जास्त मैलापाणी येतं, तेही जुन्या लोकसंख्येवर आणि कारखाने सोडून. आगगाडीच्या डब्यांतून ज्या गावाला पाणी आणावं लागलं, ते गाव रोज एवढं पाणी नाल्यांत सोडतं. देवासचे नाले नागधम्मन नदीला मिळतात आणि नागधम्मन क्षिप्रेला.

दुसरा हिशेब विजेचा. एक हजार लिटर पाणी साडेतीनशे मीटर वर न्यायचं तर, पंप-नळातली गळती-घर्षण काही न धरता, शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सूत्रानेच जवळपास एक युनिट वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्त. तेवढंच मैलापाणी हवा घालून जंतूंकडून स्वच्छ करून घ्यायला साधारणपणे अर्ध्या युनिटच्या आत भागतं. पिण्यासाठी नर्मदा आणा, त्याला कोण नाही म्हणतो? पण कारखान्यातली धुलाई, यंत्रं थंड करणं, बगीचे, यांच्यासाठी पर्वत चढवून आणलेलं पाणी वापरायचं आणि दारातलं पाणी वाया घालवायचं, हा उफराटा संसार झाला. कारखान्यासाठी शुद्धीकरणाची आणखी एखादी पायरी लागेल, थोडा खर्च वाढेल. तरी हिशेब बघा.

आता कुणी म्हणेल, केंद्रं बांधताहेत की! बांधताहेत. अमृत योजनेखाली देवासमध्ये मलनिस्सारणाचं काम हाती घेतलं गेलं. पण केंद्र बांधणं हा या कामातला सगळ्यात सोपा आणि फीत कापण्याजोगा भाग असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२१ चे आकडे पाहा. देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं, शुद्ध करायची बांधलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३६. म्हणजे क्षमता गरजेच्या निम्मीही नाही हे तर खरंच, पण आहे त्यातलीही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रिकामी. कारण? रस्त्याखाली मोठी गटारवाहिनी आहे, पण घरांची जोडणी नाही. जोडणीला घरमालकाने अंगण फोडायचं, पैसे भरायचे आणि वर दर महिन्याला मलनिस्सारण कर द्यायचा. त्याच्या संडासाचं पाणी आज फुकट नाल्यात जातं आहे. त्याने का करावं? पालिकेच्या हिशेबातही तसंच. केंद्र उभारायला दिल्ली-भोपाळहून पैसे येतात, ते चालवायचं वीजबिल, रसायनं आणि माणसांचे पगार स्थानिक तिजोरीतून. पैसे आटले की आधी हवेचे पंप बंद. हवा बंद झाली की जंतू मरतात आणि लाखो रुपयांचं केंद्र म्हणजे नुसती घाणीची टाकी.

गोव्यात बसून हे लिहिताना फार ताठ मानेने लिहिता येत नाही. पणजीसाठी टोंकला २००५ मध्ये साडेबारा दशलक्ष लिटरचं आधुनिक तंत्राचं केंद्र झालं. तरीही सांतिनेजच्या खाडीजवळून जाताना नाकाला रुमाल लावायची सवय काही गेली नाही. एके काळी जिच्यातून होड्या जात, तिला आज आपण नालाच म्हणतो. केंद्र जवळ आहे, पण खाडीत उतरणारं प्रत्येक तोंड त्या केंद्राला जोडलेलं नाही. चिऱ्याची जमीन, सोक पिट आणि चार हातांवर विहीर हे आपलं जुनं गणित चार घरांच्या वाड्याला चालत होतं. चार मजली इमारतींना ते चालत नाही.

इंदूरचं उदाहरण मात्र नीट बघायला हवं. इंदूरची खान नदी (आता तिला कान्ह म्हणतात) त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते, तेव्हा इंदूर सुधारल्याशिवाय उज्जैनचा घाट सुधारणं शक्य नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस याने १९१८ मध्ये होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. गावातली घाण नदीत न लोटता बागा-मळ्यांकडे न्यावी, असा त्याचा आग्रह. त्याने प्लेगविरुद्ध दिवाळीची एक भव्य मिरवणूक काढवली होती आणि तिच्यात झाडूवाल्यांना मानाने चालवलं होतं, ही हकीकत त्याच्या चरित्रांत येते. शंभर वर्षांनी इंदूरने निदान अर्धं काम केलं. नाल्यांत उघडणारी घरांची तोंडं शोधून शोधून बंद केली, ती वाहिन्यांना जोडली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये 'वॉटर प्लस' ठरलेलं देशातलं पहिलं शहर इंदूर होतं. कबीटखेडीचं २४५ दशलक्ष लिटरचं केंद्र मोठंच आहे, पण मला जास्त कौतुक त्या तोंडं शोधत गल्लोगल्ली फिरलेल्या माणसांचं वाटतं. इतकं करूनही आंघोळीच्या पाण्याची बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू) लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आत हवी, आणि चांगल्या केंद्रातून निघालेलं पाणीही सहसा त्याच्या वरच असतं. म्हणून तर खानचं पाणी बंद नळातून उज्जैनच्या घाटांना वळसा घालून पुढे सोडायची योजना सिंहस्थासाठी एकदा झाली, आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी आता आणखी मोठी होते आहे. वळसा घातलेलं पाणी पुढच्या गावांच्या वाट्याला जातं. त्यांच्याकडे सिंहस्थ भरत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

धारची गोष्ट याहून नाजूक. पवारांची दुसरी मोठी गादी, दुसऱ्या बाजीरावाचा जन्म तिथल्या किल्ल्यातला, आणि गावाची ओळख साडेबारा तलावांचं गाव अशी. (अर्धा तलाव कुठला यावर गावकरी तुम्हाला तासभर गुंतवून ठेवतील.) धारच्या कडेने मोठी नदी वाहत नाही. नदीचं एक बरं असतं, ती घाण पुढे नेते, निदान आपल्या डोळ्यांआड. तलाव काहीच नेत नाही. जे पडेल ते तळाशी बसतं, जलपर्णी माजते, मासे मरतात. धारची २०११ ची लोकसंख्या ९४ हजारांच्या आसपास, म्हणजे वरच्याच हिशेबाने रोज एक कोटी लिटर मैलापाणी. मुंज तलावासारख्या पाण्याला वाचवायचं तर गाव लहान आहे तोवरच घरं जोडून घ्यायला हवीत. इथे देवाससारखं प्रचंड केंद्रही नको. प्रत्येक उताराला लहान लहान केंद्रं केली तर नळ कमी खणावे लागतील आणि शुद्ध पाणी तिथल्याच शेतांना देता येईल.

माळव्यातल्या लोकांना हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांसाठी देवास जिल्ह्यातलीच आठवण आहे. २००६ च्या सुमारास तिथले कलेक्टर उमाकांत उमराव यांनी कूपनलिकांच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीत तळी खणायला राजी केलं. आधी मोठ्या जमीनदारांना गाठलं, तळं म्हणजे फायद्याचा धंदा कसा ते आकडे मांडून दाखवलं, आणि बघता बघता जिल्ह्यात हजारो तळी झाली. शेतकऱ्यांनी खर्च केला, कारण पुढच्या रब्बीत तो परत येताना दिसला.

शहरातल्या घरमालकाला त्याचा फायदा अजून कुणी असा मांडून दाखवलेला नाही. देवासच्या कारखान्यांनी शुद्ध केलेलं मैलापाणी विकत घ्यायचं, त्या पैशातून केंद्राचं वीजबिल भरायचं आणि जोडणी घेणाऱ्या घराला पहिली काही वर्षं करात सूट द्यायची, एवढं तरी करून बघता येईल. पालिकेने दर महिन्याला चौकात फळा लावावा. किती घरं जोडली, केंद्रात किती पाणी आलं, पंप किती तास चालले. क्षिप्रेच्या पुलावरून जाताना आमच्या ड्रायव्हरने त्या फळ्यावरचे आकडे सांगितले, तर पुढच्या वारीला मी पुलावर गाडी थांबवायला सांगेन.