आधी मोट शिवा!

आमचे आजोबा मोटेच्या काळातली एक गोष्ट सांगतात. मोटेचे चामडे फाटले आणि थारोळ्यात येण्याआधीच निम्मे पाणी विहिरीत गळू लागले, तर शहाणा शेतकरी आणखी एक बैलजोडी आणत नसे. तो आधी मोट शिवून घेई.

नांदेडला मी ज्या अभ्यासिकेत बसते, तेथे ही गोष्ट मला वारंवार आठवते. गच्चीवर मोठा कूलर आहे आणि त्याची हवा पत्र्याच्या डक्टमधून खाली येते. पुढच्या बाकांवर वह्यांची पाने फडफडतात. मागे मात्र घामाने शाई पसरते. परवा गच्चीवर गेले. डक्टच्या सांध्यावर हात धरला, तर गार हवा भसाभस बाहेर येत होती. म्हणजे आम्ही गच्ची गार करीत होतो! आणि मुले वर्गणी गोळा करायला निघाली आहेत ती आणखी मोठ्या कूलरसाठी.

डक्टमधली हवा पंख्याच्या दाबाने पुढे जाते. वाटेत फट मिळाली की ती तेथूनच निसटते आणि शेवटच्या तोंडाशी जोर उरत नाही. अमेरिकेत घरोघरी अशा डक्टमधून गार-गरम हवा खेळवतात. तेथेही सर्वसाधारण घरात २० ते ३० टक्के हवा फटींतून वाया जाते, असा सरकारी अंदाज आहे. त्यांना ते परवडत असेल. आपल्याला परवडेल काय?

आपला कूलर नुसती वीज खात नाही, तो पाणी पितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत १० टाक्या, सुमारे ५ लाख लिटर! तेव्हा मी लातुरात शाळेत होते. घागर घेऊन रांगेत उभी राहिले आहे. त्यामुळे मला ही गळणारी हवा म्हणजे गळणारे पाणीच वाटते.

उपाय साधा आहे. सांधे स्वच्छ पुसून त्यांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी किंवा सांधे बुजवण्याचा लेप लावावा. कापडी टेप मात्र नको. बर्कलेच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये तपासले, तेव्हा डक्टच्या नावाने विकली जाणारी कापडी टेपच सांध्यांवर टिकली नाही!

कोणी म्हणेल, मग खिडक्याही बंद करू. तसे नव्हे. कूलरची ओली हवा बाहेर जायला खिडकी उघडी हवीच, नाही तर खोली दमट होईल. हवेने खोलीत येऊन, आपले काम करून मग जावे. वाटेतूनच पळू नये, एवढेच म्हणणे.

मित्रहो, आमचे घर पत्र्याचे आहे आणि त्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेतला मागचा बाक हाच माझा आसरा. मोठ्या कूलरची वर्गणी मला झेपणार नाही. पण डक्टचे सांधे बुजवायचे ठरले, तर शिडी धरायला मी येईन.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष