आजऱ्याचा ‘ऱ’ आणि सूचनेची पोच

खरिपाची पेरणी आटोपली की आजरा तालुक्यातील शेतकऱ्याला आता आणखी एक काम असते. मोबाईल घेऊन आपल्या गटात उभे राहायचे, पिकाचे छायाचित्र काढायचे आणि सातबाऱ्यावरील नोंदीसाठी ते पाठवायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीची ही रीत. हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील भाताची खाचरे, उतारावरची नाचणी, काजूच्या बागा, मध्येच उसाचा फड. त्यात पावसाची झड आणि डोंगराआड हरवणारी मोबाईलची रेंज. शहरातील कार्यालयात तयार झालेली प्रणाली अशा जमिनीवर उतरते, तेव्हा अडचणी येणे स्वाभाविक असते. राज्यभरातून त्या सांगितल्या गेल्या आणि २०२२च्या खरिपात सुधारित आवृत्ती आली. चुकलेली नोंद ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येऊ लागली. गटापासून दूर उभे राहून छायाचित्र घेतले जात असेल, तर प्रणाली तसे सांगू लागली. मिश्र पिकांच्या नोंदीला अधिक वाव मिळाला.

सगळे प्रश्न त्यामुळे मिटले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट नजरेतून सुटू नये. शेतकऱ्याला आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडायचे, हे ठाऊक होते. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), मंडल अधिकारी, तहसीलदार, जिल्हाधिकारी ही साखळी कितीही संथ असो, तिला चेहरा आणि पत्ता आहे. निवेदन दिले की त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घेता येतो. त्या शिक्क्याला आपल्याकडे ‘पोच’ म्हणतात. ही पोच कामाची हमी देत नाही. पण ‘तुमचे म्हणणे आमच्यापर्यंत आले,’ एवढे मान्य करून ती नागरिकाचा मान राखते.

हाच शेतकरी, व्यापारी किंवा पतसंस्थेचा व्यवस्थापक एखाद्या बड्या सॉफ्टवेअर कंपनीचा ग्राहक होतो, तेव्हा मात्र ही पोच नाहीशी होते. वर्षाकाठी पैसे मोजून घेतलेल्या प्रणालीत अमुक सोय हवी, असे त्याला कळकळीने वाटते. तो ‘आपली सूचना कळवा’ ही खिडकी शोधून काढतो, मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहितो आणि कळ दाबतो. पडद्यावर आभाराचा एक ठरीव संदेश उमटतो. पुढे काहीच घडत नाही. सूचना कोणी वाचली, नाकारली असेल तर का नाकारली, याचा पत्ता लागत नाही. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, तीत रंग बदललेले असतात, कळा हलवलेल्या असतात आणि मागितलेली सोय मात्र नसते. पालथ्या घड्यावर पाणी, हा या ग्राहकाचा नित्याचा अनुभव आहे.

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. जगभरातून येणाऱ्या सूचनांचा ढीग प्रचंड असतो. प्रत्येक नवी सोय म्हणजे कायमची देखभाल असते, आणि एकाची सोय ही दुसऱ्याची अडगळ ठरू शकते. कायद्याचीही भीती असते. ‘कल्पना माझी होती, मोबदला द्या,’ असा दावा उद्या कोणी करू नये, म्हणून ॲपलसारखी कंपनी अनाहूत कल्पना पाठवूच नका, असे आपल्या धोरणात सांगते. पाठवलीच, तर ती मोबदल्याविना कंपनीच्या मालकीची होईल, असेही बजावते. मायक्रोसॉफ्टने ग्राहकांच्या सूचना आणि त्यांवरील मते गोळा करण्यासाठी बाहेरच्या एका सेवेचा आधार घेतला होता. २०२१ साली ती व्यवस्था गुंडाळण्यात आली. ज्यांनी तेथे वर्षानुवर्षे चिकाटीने मागण्या मांडल्या, त्यांना पुन्हा नव्या दाराशी जाऊन उभे राहावे लागले.

आपल्या कायद्याने या बाबतीत अर्धी वाट चालून दाखवली आहे. २०२० सालच्या ई-व्यापारविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एक महिन्यात तिचे निवारण करायचे आहे. समाजमाध्यमांसारख्या मध्यस्थ कंपन्यांसाठी २०२१च्या नियमांतही पोच आणि निवारणासाठी मुदत घातलेली आहे. परंतु हे सारे ‘तक्रारी’साठी आहे. तक्रार म्हणजे जे दिले ते बिघडलेले आहे. सूचना म्हणजे जे हवे ते अजून दिलेलेच नाही. पहिलीला कायद्याचा आधार मिळाला, दुसरी कंपनीच्या मर्जीवर राहिली. मराठी माणसाची गोची नेमकी येथेच होते. त्याच्या भाषेची साधी गरजसुद्धा कंपनीच्या दप्तरी ‘सूचना’ म्हणून पडते.

उदाहरणासाठी दूर जायला नको. आजऱ्याचे नावच पुरेसे आहे. ‘आजरा’ लिहिताना काही अडत नाही. पण गावाला विभक्तीचा प्रत्यय लागला, आजऱ्याचा घनसाळ, आजऱ्याची गाडी, आजऱ्यात जन्मलेले ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत असे लिहायची वेळ आली, की संगणकाची परीक्षा सुरू होते. येथे हवा असतो तो ‘ऱ्य’, रफार नव्हे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ दिलेला मान वेगळा आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी वेगळी. हा भेद न जाणणाऱ्या प्रणालीने आजऱ्याच्या दऱ्यांत समुद्र आणून ठेवला, तर हसावे की रडावे?

याचे मूळ जुने आहे. १९९१ साली युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली आली, तेव्हा देवनागरीची मांडणी भारतीय ‘इस्की’ संकेतावर आधारलेली होती. तीत ‘ऱ’ला स्थान होते, पण द्राविडी भाषांतील एका उच्चाराचे लेखन करण्यासाठी. मराठीचा ‘ऱ्य’ त्याच अक्षराच्या आधाराने उभा करण्यात आला. शिवाय साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही तो लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका कारकुनाने पहिल्या पद्धतीने नोंदवलेले ‘गोऱ्हे’ हे आडनाव दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर येऊ शकते. मतदार यादी, जमिनीचे दस्त, बँकेचे खाते, वाचनालयाची सूची अशा कोठेही ही गोष्ट क्षुल्लक ठरत नाही.

‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडले. तोपर्यंत ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवले जाई आणि पुष्कळ ठिकाणी मध्येच एक ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. पाकळीच्या ‘ल’चा आणि देठाच्या ‘श’चा प्रश्न तर आजही अनेक पडद्यांवर दिसतो. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला प्रमाणित केली आणि २०२२ साली तो निर्णय अद्ययावत केला. तरीही मोबाईल विकत घेणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला बहुधा हिंदी वळणाची अक्षरे येतात. २०११च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळालेली भाषा आपल्याच अक्षरांसाठी अर्जदार म्हणून उभी आहे.

येथे इतिहासाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. शिशाचे खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळी यंत्र खरोखरच ताठर होते. देवनागरीची शेकडो जोडाक्षरे त्याला पेलवत नसत. म्हणून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीचा आग्रह धरला, ‘अ’ची बाराखडी सुचवली. राष्ट्राची लिपी यंत्रयुगात मागे पडू नये, ही त्यामागची तळमळ होती. आजचे यंत्र तसे ताठर राहिलेले नाही. अक्षराचे वळण बदलायला आता भट्टी पेटवावी लागत नाही. सोय असूनही ती दिली जात नसेल, तर अडचण यंत्राची नसून इच्छेची आहे.

इच्छा निर्माण कशी होते, याचेही दाखले आहेत. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह स्वीकारले. भारत सरकारने रीतसर प्रस्ताव पाठवला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये दाखल झाले. सारा देश एका आवाजात आणि नेमकेपणाने बोलला, तेव्हा जगाला ऐकावे लागले. दुसरा दाखला ॲमेझॉनचा. २०२०च्या अखेरीस महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मराठीच्या मागणीसाठी आंदोलन केले. सप्टेंबर २०२१मध्ये त्या कंपनीच्या व्यवहारात मराठी आली. ग्राहक एकवटला की बाजार वाकतो, हे त्यातून दिसले. मात्र त्या काळात पुण्यात झालेली गोदामाची मोडतोड समर्थनीय नाही. सूचनेची पोच मिळवण्यासाठी काच फोडावी लागणे, हे कंपनीच्या आणि समाजाच्या, दोघांच्याही संवादाचे अपयश होय.

याहून टिकाऊ मार्ग संघटनेचा आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. एकटा ग्राहक दुबळा असतो, संघटित ग्राहक व्यवस्था घडवतो, हा विचार त्या कार्यकर्त्यांनी घरोघर नेला. आता तोच विचार संगणकाच्या क्षेत्रात न्यायची वेळ आली आहे. आजऱ्यासारख्या तालुक्यात संगणक शिकलेली मुले आहेत, भाषेचे शिक्षक आहेत, पतसंस्था आणि वाचनालये आहेत. त्यांनी एकत्र बसून कोणत्या प्रणालीत काय अडते, याची नेमकी नोंद करावी. चुकीचा आणि अपेक्षित शब्द शेजारी-शेजारी मांडावेत. एकच निवेदन शंभर संस्थांच्या सहीने कंपनीकडे, शासनाच्या मराठी भाषा विभागाकडे आणि लोकप्रतिनिधींकडे पाठवावे. ‘तुमची प्रणाली वाईट आहे,’ या वाक्याने काहीच हलत नाही. ‘या ठिकाणी ऱ्य तुटतो,’ हे वाक्य मात्र कामाला लागते. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

शासनानेही आपला अधिकार ओळखला पाहिजे. सरकारी कार्यालये हीसुद्धा मोठी ग्राहक आहेत. खरेदीच्या निविदेतच प्रमाणित वर्णमालेची अट घातली आणि ग्राहकाच्या सूचनेला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देण्याचे बंधन टाकले, तर कंपन्यांचे कान आपोआप उघडतील. सूचना स्वीकारलीच पाहिजे, असा हट्ट नाही. स्वीकारली, नाकारली किंवा विचाराधीन आहे, एवढे सकारण कळवणे मात्र बंधनकारक असावे.

आणि शेवटी स्वदेशीचा विचार. जावजी दादाजी मुंबईत मिशनच्या छापखान्यात काम शिकले. पण तेथील खिळ्यांवर समाधान न मानता त्यांनी स्वतः सुबक देवनागरी खिळे पाडले आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला. पुढे देशभरातील संस्कृत ग्रंथ त्या खिळ्यांनी छापले गेले. आज तामिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागातून झोहोसारखी भारतीय कंपनी जगाला सॉफ्टवेअर पुरवते. अशा कंपन्या वाढल्या पाहिजेत, त्यांना आपण ग्राहक म्हणून बळ दिले पाहिजे. मात्र मालक देशी आहे, एवढ्याने स्वदेशी पूर्ण होत नाही. आपल्या माणसाचे म्हणणे ऐकणे हा स्वदेशीचा गाभा आहे. देशी कंपनीनेही सूचनेला आभाराच्या ठरीव संदेशावर बोळवले, तर परक्या कंपनीत आणि तिच्यात फरक तो काय उरला?

वापरणाऱ्याची सूचना ही कंपनीला फुकट मिळालेली मेहनत असते. ज्याला वस्तूशी काही देणेघेणे नसते, तो सूचना करत नाही, निघून जातो. सूचना करणारा अजून आशा बाळगून असतो. त्या आशेची पोच देणे हे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे आणि माणुसकीच्या दृष्टीने कर्तव्य आहे. आजऱ्याच्या शेतकऱ्याला आपल्या गावाचे नाव स्वतःच्या मोबाईलवर शुद्ध दिसावे, एवढे मागणे फार मोठे नाही. ते मागत राहण्याची चिकाटी आणि संघटितपणे मागण्याची शिस्त मात्र आपणच अंगी बाणवली पाहिजे.